महालातली दगडी भिंत आणि विमानी फोटोंसाठी बांधलेला प्लॉटर

नागपूरच्या महाल भागातल्या एका भोसलेकालीन दगडी देवळाच्या दर्शनी भिंतीचं १:२० प्रमाणातलं रेखाचित्र हवं होतं. भिंत साधारण ११ मीटर उंच, समोर जेमतेम सात मीटरची गल्ली. मधोमध पुढे आलेला कोरीव सज्जा आणि त्याच्या खाली आत सरकलेलं प्रवेशद्वार. काम आमच्याकडे आलं तोवर परांची बांधून झाली होती आणि वरच्या महिरपीतले निखळलेले दगड उतरवले गेले होते. म्हणजे जी भिंत रेखायची ती त्या रूपात आता उरलीच नव्हती. उरले होते ते दुरुस्तीआधी वास्तुविशारदाने काढलेले फोटो. काही गल्लीतून, कॅमेरा वर कलवून काढलेले, तर काही समोरच्या घराच्या गच्चीवरून.

हे फोटो ज्यावर रेखायचे ते आमचं यंत्र, म्हणजे फोटोंच्या जोडीवरून मोजून नकाशा रेखणारा प्लॉटर, विमानी फोटोंसाठीचं. नागपुरात कोळसा, मँगनीज, भारतीय खाण ब्यूरो, महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र अशी सगळी मंडळी असल्यामुळे नकाशाकामाची माणसं आणि यंत्रं मुबलक आहेत. पण ही यंत्रं जमिनीकडे वरून बघायला शिकलेली. त्रिमितीय चष्मा घालून ऑपरेटर बसतो, डाव्या-उजव्या फोटोतून उभ्या राहिलेल्या मॉडेलवर तरंगता बिंदू टेकवतो आणि रस्ता, नाला, खाणीची पायरी रेखत जातो. भिंतीचे फोटो या यंत्रात जसेच्या तसे घातले की ते त्यांना नाकारतं. कॅमेऱ्याच्या चौकटीवरच्या फिड्युशल, म्हणजे प्रतिमेची जागा ठरवणाऱ्या पक्क्या खुणा मागतं, शंभर-दीडशे मिलिमीटरचं मुख्य अंतर, म्हणजे लेन्सचं केंद्र ते प्रतिमेचं प्रतल हे अंतर, अपेक्षितं, शेकडो मीटरची उड्डाण उंची विचारतं आणि कॅमेरा जवळजवळ सरळ खाली बघत होता असं गृहीत धरतं.

इतिहास बघितला तर गंमत वाटते, कारण फोटोवरून मापं घेण्याच्या या विद्येची सुरुवात भिंतींपासूनच झाली. १८५८ मध्ये जर्मनीतल्या वेट्झलारच्या कॅथेड्रलची मापं घेताना आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर हा वास्तुविशारद उंचावरून पडता पडता वाचला आणि फोटोवरूनच मापं घेता येतील का, या विचाराला लागला. पुढे १८८५ मध्ये बर्लिनमध्ये इमारतींच्या फोटोमापनासाठी सरकारी संस्थाच उभी राहिली. १९०१ चा पुल्फरिखचा स्टीरिओकम्पॅरेटर आणि त्यानंतर काही वर्षांतच आलेला फॉन ओरेलचा स्टीरिओऑटोग्राफ ही यंत्रं जमिनीवरून काढलेल्या फोटोंसाठीच होती. विमानं आली, पहिलं महायुद्ध झालं आणि त्यानंतरची यंत्रं विमानी फोटोंच्या मापाने घडू लागली. तेव्हापासून जमिनीवरचा फोटो या यंत्रात पाहुणा झाला आणि त्याला यंत्राच्या मापात बसवणं हे वेगळं कौशल्य ठरलं.

त्या कौशल्याचं मर्म एवढंच, की प्लॉटरला फोटो कुठून काढला याच्याशी देणंघेणं नसतं. त्याला हवी असते किरणांची जुडी. भिंतीवरचा प्रत्येक बिंदू लेन्सच्या केंद्रातून कोणत्या कोनाने आत आला, हे फोटोवरच्या स्थानावरून आणि मुख्य अंतरावरून पुन्हा उभं करता आलं पाहिजे. फोटो मोठा करा, फिरवा, ताणा. जे केलं ते नेमकं माहीत असेल आणि जुडी शाबूत असेल तर यंत्र काम करेल. जुडी बिघडली तर फोटो कितीही देखणा असला तरी मोजणीला कुचकामी.

म्हणून पहिली पायरी फोटो निवडण्याची होती आणि तिथेच बराच वेळ गेला. वास्तुविशारदाने आधी अहवालासाठी तयार केलेले फोटो पाठवले होते. त्यात उभ्या रेषा सरळ केलेल्या, कडा कापलेल्या. कापलेल्या फोटोचं मध्य कुठे होतं हे कळत नाही आणि सरळ केलेल्या फोटोत नेमका किती कल काढला याची नोंद नसते. ते सगळे बाजूला ठेवून आम्ही कॅमेऱ्यातल्या मूळ फाइल मागितल्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली प्रत तर मोजणीसाठी घ्यायचीच नाही, हा आमचा पक्का नियम आहे. मूळ फाइल मिळाल्या त्या रॉ स्वरूपात, त्यामुळे कॅमेऱ्याने आपणहून लेन्सचं विरूपण, म्हणजे सरळ रेषांना येणारा बाक, दुरुस्त केलेलं नाही याची खात्री झाली.

आणखी एक सापळा उभ्या फोटोंचा. कॅमेरा उभा धरला की फाइलमध्ये फक्त ‘हा फोटो ९० अंश फिरवा’ अशी खूण पडते, पिक्सेल आडवेच राहतात. एक सॉफ्टवेअर ती खूण पाळतं, दुसरं दुर्लक्षितं. मुख्य बिंदू, म्हणजे लेन्सचा अक्ष प्रतिमेला भिडतो ती जागा, चौकटीच्या बरोबर मध्यावर नसतो, आमच्या कॅमेऱ्यात तो बाजूला सरकलेला होता. फोटो नकळत फिरला तर ती सरक आडवीची उभी होते, चिन्हही बदलू शकतं आणि मग ओरिएंटेशनमध्ये, म्हणजे कॅमेरा कुठे होता आणि कुठे बघत होता हे गणिताने ठरवताना, काही पिक्सेलची चूक दिसते, जिचं कारण सहजी सापडत नाही. आम्ही सगळ्या फाइलमधून ती खूणच काढून टाकली आणि सगळे फोटो सेन्सर जसा बघतो तसे, आडवे ठेवले.

कॅमेरा पूर्ण चौकटीचा, सेन्सर ३६ × २४ मिमी, ६००० × ४००० पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल ६ मायक्रॉनचा. लेन्सवर २४ मिमी लिहिलेलं. ते विक्रीचं नाव समजायचं, माप समजायचं नाही. शिवाय फोकस बदलला की मुख्य अंतर बदलतं. २४ मिमीची लेन्स अनंतावरून सात मीटरवर आणली की ते सुमारे ०.०८ मिमीने वाढतं. आकडा किरकोळ वाटतो, पण २४ च्या मानाने तो ०.३ टक्क्याहून जास्त आहे आणि सात मीटर अंतरावर त्याचा अर्थ खोलीत दोन सेंटिमीटरहून अधिक होतो. या फोटोंत फोकस आपोआप ठेवलेला होता. सुदैवाने सगळे फोटो एकाच बैठकीतले, भिंतीपासून जवळपास सारख्याच अंतरावरचे होते.

मग कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याची खरी मापं काढणं. सपाट भिंतीसमोर समांतर उभं राहून काढलेल्या फोटोंवरून मुख्य अंतर काढता येत नाही. कॅमेरा थोडा जवळ होता की लेन्स थोडी लांब होती, हे गणिताला वेगळं करता येत नाही. इथे मदतीला आले गल्लीतले कललेले फोटो, गच्चीवरचे सरळ फोटो आणि काही उभे, काही आडवे अशी सरमिसळ. पुढे आलेला सज्जा आणि आत गेलेलं दार यामुळे खोलीतही फरक होता. सगळे एकत्र घेऊन बंडल अ‍ॅडजस्टमेंट केली, म्हणजे सगळ्या फोटोंच्या किरणजुड्या एकाच गणितात जुळवल्या, त्यात विरूपणाच्या ब्राउन सूत्राचे गुणक सोडवले आणि मुख्य अंतर २४.४ मिमी आलं. पिक्सेलमध्ये सांगायचं तर साधारण ४०६७.

कंट्रोल पॉइंट, म्हणजे जागेवर प्रत्यक्ष मोजलेले बिंदू, टोटल स्टेशन या कोन-अंतर मोजणाऱ्या यंत्राने, रिफ्लेक्टर न लावता घेतले. अट अशी की दगड हललेला नसावा. जोतं, खांबांचे तळ, गणेशपट्टी, उंबऱ्याचे कोपरे शाबूत होते. वर मात्र दक्षिणेकडच्या अर्ध्या भागात विश्वासार्ह बिंदू जवळजवळ नव्हते, कारण तिथलेच दगड उतरवले होते. यावर उतारा सापडला तो फोटोंच्या कडेला दिसणाऱ्या शेजारच्या घरात. त्याच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीची चौकट, पन्हाळीचा कंस, छज्ज्याचा कोपरा. हे काहीच बदललेलं नव्हतं. देवळाचं चित्र काढताना शेजाऱ्याची पन्हाळ मोजणं विचित्र दिसतं, पण त्या बिंदूंशिवाय वरचा भाग हवेत लोंबकळला असता. कंट्रोल एकाच प्रतलात येऊ नये म्हणून दाराच्या आतल्या चौकटीवर आणि सज्ज्याच्या पुढच्या कडेवरही बिंदू घेतले.

उंचीचं शून्य आम्ही जोत्यावर धरलं. लोक विचारतात म्हणून सांगतो, नागपूरच्या शून्य मैल स्तंभाजवळच्या १९०७ च्या मानक बेंचमार्कशी, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची ठरलेल्या खुणेशी, जोडण्याची इथे गरज नव्हती. भिंतीच्या चित्राला समुद्रसपाटी लागत नाही.

आता अक्ष. विमानी यंत्रात झेड म्हणजे उंची, आणि ती कॅमेऱ्याच्या दिशेने वाढते. भिंतीसाठी एक्स भिंतीच्या लांबीने उजवीकडे, वाय वर आणि झेड भिंतीतून गल्लीकडे, म्हणजे कॅमेऱ्याकडे. सर्वेक्षणाचे आकडे मात्र वेगळ्या क्रमाने आलेले असतात, त्यात उंची तिसरी आणि भिंतीत आत जाणारी खोली दुसरी. या दोन स्तंभांची नुसती अदलाबदल केली तर भिंत आरशातल्यासारखी उलटी होते आणि ओरिएंटेशन कधीच जुळत नाही. खोलीचं चिन्ह बदलणं भाग आहे. म्हणजे नवा वाय ही जुनी उंची आणि नवा झेड ही उणे खोली. जमिनीचे फोटो पहिल्यांदा प्लॉटरवर चढवणाऱ्या माणसाने हे चिन्ह भिंतीवर लिहून ठेवावं.

इतकं झालं की सर्वांत चिवट अडचण उरते, ती कलाची. गल्ली सात मीटरची, कॅमेरा डोळ्याच्या उंचीवर. उभ्या चौकटीत ही लेन्स मध्यापासून वर-खाली सुमारे ३६ अंश बघते. भिंतीचा माथा डोळ्यापासून ५३ अंशांवर. त्यामुळे कॅमेरा साधारण २० अंश वर कलवल्याशिवाय माथा येतच नव्हता. विमानी फोटोत कल दोन-तीन अंशांचा असतो आणि जुन्या यांत्रिक प्लॉटरमध्ये तर फोटोची बैठक थोडेच अंश कलायची. २० अंशाचा फोटो त्यात बसवायचा तर आधी तो कल काढावा लागायचा, नाहीतर फक्त आडव्या अक्षाचे फोटो काढणाऱ्या फोटोथिओडोलाइटवर भिस्त ठेवावी लागायची.

त्या काळाची दुसरी युक्ती इथे समजून घेण्याजोगी आहे. विल्ड कंपनीचा पी३२ हा छोटा मोजणी कॅमेरा ६४ मिमी मुख्य अंतराचा, प्रतिमा ६५ × ९० मिमीची. विमानी प्लॉटर १५२ मिमीच्या आसपासच्या फोटोंसाठी. प्रतिमा २.४ पट मोठी केली की मुख्य अंतरही २.४ पट होऊन १५३.६ मिमी होतं आणि फोटो २३ सेंटिमीटरच्या चौकटीत मावतो. जुडी तीच राहते. मोठं न करता यंत्रावर खोटं मुख्य अंतर लावलं तर मॉडेलची खोली त्या प्रमाणात ताणली जाते आणि वाचलेला झेड नंतर भागून घ्यावा लागतो. ही वाट फक्त कल शून्य असतानाच धड चालते. कल असेल तर मॉडेल वेडंवाकडं होतं.

आम्ही कल संगणकावर काढला. प्रत्येक फोटोची दिशा बंडल अ‍ॅडजस्टमेंटने दिलेली होती. तिच्यावरून एक आभासी प्रतिमा तयार केली, जणू त्याच जागी उभ्या असलेल्या कॅमेऱ्याचा अक्ष आडवा आहे. लेन्सचं केंद्र जागचं हललेलं नसल्यामुळे असा फोटो पूर्णपणे बिनचूक बनवता येतो, त्यासाठी भिंतीचा आकार माहीत असण्याची गरज नसते. अहवालासाठी ‘सरळ’ केलेल्या फोटोत आणि यात हाच फरक आहे. तिथे डोळ्याला बरं दिसेल तितकं ताणलं जातं, इथे नोंदलेल्या कोनाइतकंच फिरवलं जातं आणि पुन्हा उलट फिरवताही येतं. विरूपण काढणं आणि फिरवणं आम्ही एकाच फेरीत केलं. दोनदा पिक्सेल नव्याने मांडले की बारीक सांधे पुसट होतात.

फिरवताना अक्ष भिंतीला काटकोनात ठेवायचा की दोन फोटोंना जोडणाऱ्या रेषेला, हा प्रश्न होता. फोटो हातात धरून काढलेले, दोन उभ्या राहण्याच्या जागांमध्ये १.४ मीटर अंतर आणि दुसऱ्या जागी माणूस भिंतीकडे ८ सेंटिमीटर सरकलेला. म्हणजे ती रेषा भिंतीला तीन अंशांहून थोडी तिरपी. मी रेषेच्या बाजूने कौल दिला. त्यामुळे दोन्ही प्रतिमांत उभा वाय-पॅरलॅक्स, म्हणजे एकाच बिंदूच्या दोन प्रतिमांतला वर-खाली फरक, मुळातच उरत नाही आणि यंत्राला स्वतः पुन्हा प्रतिमा फिरवायची गरज पडत नाही. उरलेले तीन अंश निरपेक्ष ओरिएंटेशन, म्हणजे मॉडेल कंट्रोल पॉइंटवर बसवण्याची पायरी, सांभाळून घेतं, तेवढा कल विमानातही असतोच.

याची किंमत माथ्यावर मोजावी लागते. आभासी प्रतिमेत भिंतीचा माथा मूळ फोटोच्या मानाने आडवा सुमारे १.४ पट आणि उभा सुमारे १.९५ पट ताणला जातो. पिक्सेल वाढतात, माहिती वाढत नाही. भिंतीच्या मधल्या भागात एक पिक्सेल म्हणजे १.७ मिमी. माथ्यावर तो आकडा कागदावर तसाच दिसतो, पण खरी बारकाई तितकी नसते. खोली आडव्या पॅरलॅक्सवरून येत असल्यामुळे तिच्यावर १.४ चाच परिणाम होतो. हे जरा दिलाशाचं.

यंत्राचा उड्डाण उंचीचा आणि मुख्य अंतराचा हट्ट दोन आकड्यांनी सोडवला. पिक्सेल ६ ऐवजी ३० मायक्रॉनचा आहे असं सांगितलं, त्याबरोबर मुख्य अंतर २४.४ चं १२२ मिमी झालं. हे जुन्या काळच्या मोठं करण्याचंच आजचं रूप. शिवाय कंट्रोलचे सगळे आकडे शंभरने गुणले, भिंतीवरचा एक सेंटिमीटर यंत्रात एक मीटर. यंत्राला वाटलं ७०० मीटरवरून, १४० मीटर अंतराने काढलेली जोडी आहे. फिड्युशलऐवजी आभासी प्रतिमेच्या चार कोपऱ्यांवर कृत्रिम खुणा घालून त्यांचे हिशोबाने येणारे आकडे दिले. अक्ष आडवा केल्यामुळे मुख्य बिंदू प्रतिमेच्या मध्यापासून बराच खाली गेला होता, ती सरक कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये लिहिली.

मॉडेल उभं राहिलं. पण सज्ज्यापाशी येताच आमच्या ऑपरेटर ताई म्हणाल्या, “भाऊ, खांब पकडला की सज्जा दुहेरी दिसून राह्यला.” त्यांचं बरोबर होतं. सज्ज्याची पुढची कड कॅमेऱ्यापासून ६.१ मीटर, आतलं दार १० मीटर. पहिल्याचा पॅरलॅक्स ९३० पिक्सेलच्या घरात, दुसऱ्याचा ५७०. विमानातून बघताना जमिनीचा चढउतार उंचीच्या मानाने सहसा लहान असतो, इथे निम्म्याहून अधिक. डोळे इतका फरक एका नजरेत जोडू शकत नाहीत, आपोआप जुळवणी करणारं सॉफ्टवेअरही भलतीकडे जातं. मग खोलीचे तीन पट्टे केले. सज्जा आणि पुढचं कोरीवकाम, मुख्य भिंत, आणि आतलं प्रवेशद्वार. प्रत्येक पट्ट्यासाठी प्रतिमांची आडवी सरक वेगळी ठेवून तो पट्टा स्वतंत्र स्तरावर रेखला. ओरिएंटेशन एकच, त्यामुळे तिन्ही स्तर आपोआप एकमेकांवर बसले.

हिशोबाने अर्ध्या पिक्सेलच्या टिपणाला भिंतीच्या मध्यावर आडवी-उभी चूक एक मिलिमीटरच्या आत आणि खोलीची सुमारे ४.३ मिमी यायला हवी. गणितात न वापरलेल्या तपासणी बिंदूंवर प्रत्यक्षात सपाटीत दोन-तीन आणि खोलीत सहा-सात मिलिमीटर मिळाले. १:२० च्या चित्रात पाव मिलिमीटरची रेघ म्हणजे पाच मिलिमीटर, त्यामुळे सपाटी निर्धास्त. दक्षिणेच्या माथ्यावर खोलीची चूक सेंटिमीटरभर गेली. उत्तरेकडे गच्चीवरचे सरळ फोटो असल्यामुळे तसं झालं नाही. दक्षिणेच्या बाजूला समोर पत्र्याचं छप्पर आहे, तिथून फोटो निघालेच नव्हते. उलट गच्चीवरच्या फोटोंना सज्ज्याची खालची बाजू दिसत नाही, ती गल्लीतल्याच फोटोंनी दिली.

हे वाचणारे तरुण मित्र विचारतील, एवढा खटाटोप कशाला, सॉफ्टवेअरकडून बिंदुमेघ, म्हणजे आपोआप मोजलेल्या असंख्य बिंदूंचा संच, काढून ऑर्थोफोटोवर, म्हणजे मापात आणलेल्या फोटोवर, रेषा ओढल्या असत्या. ओरिएंटेशनसाठी तेच गणित आम्हीही वापरलं. पण कोरीव दगडाची धार ही ज्या जागी पृष्ठ तुटतं ती जागा असते आणि नेमकं तिथेच त्या बिंदूंचं जाळं गोलसर होतं. कमळाच्या पाकळीची कड कुठे संपते आणि झिजलेला भाग कुठे सुरू होतो, हे दोन डोळ्यांनी मॉडेलमध्ये बघणारं माणूस ठरवू शकतं. दगड पुन्हा बसवणाऱ्या पाथरवटाला तीच रेषा हवी असते. शिवाय फोटो मोजके होते, त्यावरचा बिंदुमेघ विरळ आणि सज्ज्याखाली भोकाभोकांचा आला असता. भरपूर, एकसारखे फोटो असतील तर मीही बिंदुमेघाचीच वाट सुचवेन.

वास्तुविशारदाला तीन स्तरांचं रेखाचित्र दिलं. दक्षिणेचा माथा वेगळ्या रेषाप्रकारात काढला आणि खोलीची अचूकता एक सेंटिमीटर अशी तिथेच नोंद केली. सज्ज्याच्या कोपऱ्यामागचा थोडा भाग कोणत्याच जोडीत दोन्ही फोटोंत दिसत नव्हता. तो अंदाजाने न भरता कोरा ठेवला आणि परांची उभी आहे तोवर हाताने मोजून घ्यायला सांगितला. मूळ रॉ फाइल, कॅलिब्रेशनचे गुणक, प्रत्येक फोटो किती कोनात फिरवला त्याचा तक्ता आणि पाचपट-शंभरपटीची नोंद हे सगळं चित्राबरोबर एकाच फोल्डरमध्ये दिलं आहे. उद्या कुणाला दुसऱ्या यंत्रावर हीच भिंत पुन्हा उभी करायची झाली, तर याच फाइलींपासून सुरुवात करता येईल.